जड दिवसाचं इंजिन

वामन, गाडी घेतली. डिझेलची. तुला पाहिजे होती तीच. पण मिशीतल्या मिशीत हसू नको, तुझ्या इच्छेखातर घेतलेली नाही. मेलेल्या माणसाच्या इच्छेखातर गाडी घेणारी बाई मी नाही, हे तुझ्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

माणूस मेल्यावर वर कुठे जाऊन बसतो असं आपण दोघंही बहीण-भाऊ मानत आलो नाही. तेव्हा हे तुझ्यापर्यंत कसं पोचणार ते मला ठाऊक नाही. तरी लिहिते. तुझं-माझं भांडण अर्धं राहिलं आहे, आणि अर्धं भांडण डोक्यात घेऊन स्वयंपाक होत नाही. भाजीत मीठ दोनदा पडतं. परवा पडलं. गिऱ्हाइकांचे सगळे डबे तसेच गेले, आणि सिविक सेंटरच्या एका बाबूनं फोन करून विचारलं, "मावशी, तबियत ठीक है ना?"

विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला चार जण बोलले. एकानं तुला शांत म्हटलं, एकानं मनमिळाऊ. मी मागे खाली बसून ऐकत होते. शांत? तू? चहात साखर जास्त झाली म्हणून टपरीवाल्याला अर्धा तास इंजिनचं तत्त्व समजावणारा माणूस शांत? मला कोणी बोलायला सांगितलं नाही, ते बरंच झालं. मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि खोटं बोलायचं तर अजून थोडं शिकायला लागतं.

तुझी-माझी गोष्ट इंजिनापाशी अडली होती, तिथूनच सांगते.

माझी जुनी व्हॅन मेली तेव्हा तू खूश झालास. हो, झालास. तुझा चेहरा मी पाहिला. रोजचे सव्वाशे डबे, बहुतेक त्या व्हॅनमधून जायचे: सेक्टरांतली कंपनीची क्वार्टरं, बाजारातली ऑफिसं, हुडको वसाहतीतली दुकानं. दर पन्नास पावलांवर थांबा, उतरा, डबा द्या, पुन्हा चला. आणि लग्नसराईत आपली ट्रॉली. तिच्यावर तीन भट्ट्या, भाताचे मोठाले गंज, कढया, पाण्याची टाकी. भरली की दहा माणसं ढकलतील तेव्हा हलते. ती व्हॅनला ओढवायची नाही, म्हणून दर वेळी कोणाचा तरी ट्रॅक्टर मागावा लागायचा. आता एकच गाडी घ्यायची, मागे हौदा असलेली पिकअप, जी रोजचे डबेही नेईल आणि लग्नाची ट्रॉलीही ओढेल, हे तुझं-माझं दोघांचं ठरलं. तेवढंच ठरलं. कोणत्या इंजिनाची, यावर तीन महिने गेले.

शोरूममध्ये दोन गाड्या होत्या. एक लहान इंजिनाची, गॅसवर चालणारी. आवाज नाही, धूर नाही, गल्लीत चटकन वळते. दुसरी मोठी डिझेल. तिथल्या माणसानं प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "माताजी, डिज़ेल शहर के अंदर-अंदर ही चलाओगे तो फ़िल्टर चोक होगा. पीली बत्ती जलेगी. हफ़्ते में एक बार हाईवे पर ले जाना पड़ेगा, आधा घंटा एक चाल से."

मी तुझ्याकडे पाहिलं. "गाडीले फिरायले न्या लागते? कुत्र्यावानी?"

"त्यात काय? तूही बस सोबत. चाळीस वर्षं झाले, तू चुलीपासून हलली नाईस."

"माह्या चुलीचं तू नको सांगू."

"बरं, ट्रॉलीचं सांगतो. टॉर्क माहीत हाय का तुले?"

"मले कायले माहीत राहीन? मी का तुह्यावानी रेल्वेत होती?"

मग तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन, माझ्याच परातीत बोट घालून मला इंजिन शिकवलंस. म्हणालास, "हे पाह्य, ताई. भराभर पोळ्या लाटते ना तू, ते हॉर्सपावर. आन हा पंधरा किलोचा कोरडा आटा पयल्यांदा पाणी टाकून मळाले जो जोर लागते, तो टॉर्क. लहान इंजिन पोळ्या लाटन. पण ट्रॉली म्हणजे आटा हाय. पयला जोर पाह्यजे."

खरं सांगते, इतकं चांगलं मला शाळेतही कोणी समजावलं नव्हतं. पण तुला तसं म्हणाले नाही. म्हणाले, "मळून ठेवलं आन लाटाले कोनी नाई, तं लोकं का गोळे खातीन?"

तू हसलास. मला दाई, म्हणजे आई म्हणणारा आपला डबे पोचवणारा रामाधार दारात डबे पुसत होता, तोही हसला. तुझ्या मनाला लागलं नाही तेव्हा. नंतर लागलं.

तुझं म्हणणं एकच होतं आणि तू ते शंभरदा म्हणालास: गाडी रोजच्या दिवसासाठी घ्यायची नसते, सगळ्यात जड दिवसासाठी घ्यायची असते. मालगाडीला इंजिन लावताना कोणी सपाट रस्ता पाहत नाही, सगळ्यात मोठा चढ पाहतात. माझं म्हणणं होतं की लग्नाचे दिवस वर्षातून वीस-पंचवीस, बाकी सगळे दिवस डब्याचे. पंचवीस दिवसांसाठी बाकीचं वर्ष मोठं इंजिन गल्लीगल्लीतून कशाला घरघरवत न्यायचं?

आता कळतं, आपण गाडीबद्दल बोलतच नव्हतो. निदान मी तरी नव्हते.

तू जड दिवसाचा माणूस होतास, वामन. तुझे भाऊजी गेले त्या दिवशी तू गोंदियाहून मालगाडी आणून यार्डात उभी केलीस आणि तसाच, अंगावरच्या तेलानं काळ्या झालेल्या कपड्यांनी, माझ्या दारात आलास. दहा दिवस हलला नाहीस. त्यांच्या नोकरीचं सेक्टर दोनचं क्वार्टर सोडावं लागलं तेव्हाही आलास, कपाट एकट्यानं पाठीवर घेऊन दोन जिने उतरलास. लेकीच्या लग्नात ट्रॅक्टरवाला आलाच नाही, तर कुठून तरी छोटा हत्ती टेम्पो आणून दोन खेपांत सगळं अन्न मांडवात पोचवलंस. जड दिवस असला की तू असायचास. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा.

पण जड दिवस संपला की तू गाडीवर. ड्रायव्हरांची रनिंग रूम, डोंगरगढचा चढ, तुझी ती शिट्टी. मधले सगळे दिवस माझे एकटीचे. पहाटे उठून कांदे चिरणं, पोरीला शाळेत सोडणं, मेसमधल्या कोणाला तरी तिखट झालं म्हणून शिव्या खाणं. त्या दिवसांत कोणी नव्हतं. तुझी नोकरी तशी होती, मला ठाऊक आहे. ठाऊक असून राग होता. तीस वर्षं होता. मी सांगितला नाही, कारण ज्यानं पाठीवरून कपाट उतरवलं त्याच्यावर रागवायचं तरी कसं?

मग तू रिटायर झालास आणि रोज यायला लागलास. दहाच्या ठोक्याला. स्कूटरच्या दोन्ही बाजूंना डबे लटकवून सिविक सेंटरची खेप तू करायचास. पाऊस असो, ऊन असो. आल्याआल्या माझ्या वरणात खोट काढायचास, मी तुझ्या स्कूटरच्या आवाजात. वच्छला म्हणायची, "नवरा माहा आन दिवसभर बहिणीच्या घरी." चार वर्षं. मी ती मोजली नाहीत. रोजच्या गोष्टी कोण मोजतं?

शेवटचं भांडण सिविक सेंटरच्या टपरीवर झालं. शोरूममधून निघालो होतो. तू दोन्ही गाड्यांची ट्रायल पक्की केली होतीस, शुक्रवारी. त्या माणसाच्या डोक्यावर बसून दोन्हींना मागे हूक बसवायला लावला होतास. भरलेली ट्रॉली जोडून, दुपारच्या गर्दीत, ओव्हरब्रिजवर चढवून पाहायची. तू पुन्हा तेच म्हणालास, जड दिवस, जड दिवस. माझा पाय दुखत होता, ऊन होतं, आणि तोंडातून निघून गेलं.

"जड दिवसाले येनारे लय पाह्यले मी. रोजच्या दिवशी कोन येते, थे सांग."

तू कप खाली ठेवलास. मग म्हणालास, आवाज न वाढवता,

"चार वर्षं झाले, ताई. रोज येऊन राह्यलो ना मी."

त्याच वेळी रामाधारचा फोन आला की दुपारचे डबे भरायचे आहेत. मी उठले. म्हणाले, "चाल, डबे थंडे होऊन राह्यले."

एवढंच. हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. डबे थंड होऊन राहिले. डबे भरलेच नव्हते, वामन. थंड कुठून होणार?

त्या दिवशी संध्याकाळी तू आलास, माझ्याशी न बोलता. अंगणात ट्रॉली भरलीस. खिडकीतून मी पाहत होते. भट्ट्या चढवल्यास, गंज एकात एक ठेवलेस, टाकी काठोकाठ भरलीस. एवढ्यानं भागेना म्हणून माझी तांदळाची चार पोती उचलून मध्ये टाकलीस, खऱ्या लग्नापेक्षा जास्त वजन व्हावं म्हणून. दोरी आवळलीस. आणि चाकांखाली लाकडाचे दोन गुटके सारलेस, उभी गाडी घरंगळू नये म्हणून रेल्वेत सारतात तसे. मला वाटलं, चहाला हाक मारावी. मारली नाही. म्हटलं, रुसला आहे, उद्या दहाला येईलच.

दुसऱ्या दिवशी दहाला वच्छलाचा फोन आला. तू बूट घालता घालता खाटेवर कलंडला होतास. एका पायात बूट, एक हातात.

माझी फोडणी झाली होती. मी भात उतरवला, सव्वाशे डबे भरले, रामाधारबरोबर ऑटोनं पाठवले आणि मग तुझ्या घरी चालत आले. लोक बोलले. सख्खा भाऊ गेला आणि बाई डबे भरत होती. बोलू दे. तूही गाडी मध्येच सोडून उतरला नसतास. पण तुझ्या घरापर्यंतच्या त्या चार गल्ल्या मला जशा लागल्या तसा कोणताच रस्ता लागला नाही. सारखं वाटत होतं, आज जड दिवस आहे, वामन येईल. इतक्या वर्षांची सवय. कोपऱ्यावर वळेपर्यंत डोकं तुझीच वाट पाहत होतं.

ट्रॉली तशीच भरलेली उभी राहिली. पंधरा दिवस. येणारा-जाणारा तिला अडखळायचा. मुलगी म्हणाली, रिकामी करू या, तांदळाला कीड लागेल. मी हात लावू दिला नाही. रडगाण्यासाठी नाही. वजन तू ठरवलं होतंस, ट्रायल त्याच वजनावर व्हायला पाहिजे होती.

झाली. रामाधार चालवत होता, मी बाजूला. आधी लहान गाडी. सपाटीवर छान गेली, मी मनात म्हटलं, बघ. मग ओव्हरब्रिज, ज्याच्या खालून तू तीस वर्षं मालगाड्या नेल्यास. मध्यावर जाम लागला. गाडी थांबली आणि पुन्हा निघेना. मागे सरकली. मागचा ऑटोवाला ओरडायला लागला. इंजिन कण्हलं, करपल्याचा वास आला, रामाधारच्या कपाळावर घाम. चढली शेवटी, पण कशी, ते विचारू नको. आटा मळायला घेतला आणि मनगट दुखावलं, तशी.

मग डिझेल. तोच पूल, तोच जाम. थांबली. निघाली. इतकंच. रामाधारनं माझ्याकडे पाहिलं. तू असतास तर शिट्टी वाजवली असतीस.

पण वामन, पूल चढला म्हणजे उतरायचाही असतो. उतारावर रामाधारनं ब्रेक दाबला आणि मागून ट्रॉलीनं असा धक्का दिला की माझं कपाळ समोर आपटता आपटता वाचलं. पुन्हा दाबला, पुन्हा धक्का. गाडी थांबू पाहत होती, ट्रॉली तिला ढकलत होती.

"दाई, पाछू ले ढकेलत हे!" रामाधार ओरडला.

पुलाखाली येऊन कशीबशी उभी राहिली. आणि मला एकदम कळलं. तीन महिने तू ओढण्याबद्दल बोललास. थांबण्याबद्दल एक शब्द नाही. तुझ्या मालगाडीत प्रत्येक डब्याला स्वतःचा ब्रेक. तू पुढे ब्रेक मारायचास आणि मागचे पन्नास डबे आपापले थांबायचे. तीस वर्षांत मागून धक्का काय असतो ते तुला माहीतच नव्हतं. आपल्या ट्रॉलीला ब्रेक नाही, हे तुझ्या डोक्यातच आलं नाही. उभ्या ट्रॉलीला गुटके लावलेस, चालत्या ट्रॉलीचं विसरलास. आणि मी, लहानपणी टेकाडावरच्या विहिरीवरून डोक्यावर दोन घागरी घेऊन उतरणारी, मला पहिल्या दिवशीच सुचायला पाहिजे होतं की भरल्या ओझ्याला चढापेक्षा उताराची भीती जास्त. मलाही सुचलं नाही. मी आपली रोजचे दिवस मोजत बसले होते.

मी हसले. भर रस्त्यात, गाडीत बसून, मोठ्यानं. म्हटलं, आता जाते आणि सांगते, मोठा आला ड्रायव्हर, ब्रेक विसरला! जन्मभर पुरलं असतं मला एवढं. आणि दार उघडायला हात घातला तेव्हा आठवलं.

रामाधारनं गाडी बंद केली आणि खाली उतरून उभा राहिला. शहाणा माणूस आहे. मी पाच मिनिटं आत बसले. काय केलं ते तुला सांगणार नाही.

डिझेल घेतली. ट्रॉलीला ब्रेक बसवून घेतला, तिचा तिला. का घेतली, आता ऐक. तुझं बरोबर निघालं म्हणून नाही. माझंही बरोबर होतं. रोजच्या गल्ल्यांत ती जड जाते, पिते जास्त, वळताना सेक्टरच्या कोपऱ्यावर दोनदा मागेपुढे करावी लागते, आणि आठवड्यात पिवळी बत्ती लागते. पण रोजचे दिवस मी ओढते. मला येतात. एकटीला येतात. जड दिवसाला माझ्याजवळ तू होतास. आता नाहीस. म्हणून मोठं इंजिन घेतलं.

रविवारी डबे नसतात. त्या दिवशी बत्ती विझवायला गाडी राजनांदगावच्या रस्त्यानं न्यावी लागते. रामाधार एका चालीनं चालवतो, मी बाजूला बसते. मागे काही नाही, हातात काही नाही. पहिल्या रविवारी मला लाज वाटली, बिनकामाचं असं बसायला. सोबत मटार घेतले होते सोलायला. आता नेत नाही. रस्त्याला लागून रेल्वेची लाईन दिसते. मालगाडी आली की रामाधार म्हणतो, "वामन भैया के गाड़ी." तो प्रत्येक मालगाडीला तसंच म्हणतो.

वीस-पंचवीस मिनिटांनी बत्ती आपोआप विझते. मग वळायचं.

गेल्या रविवारी वळायच्या आधी रामाधार पाणी प्यायला उतरला. गाडीत मी एकटी होते. तुझे ते दोन गुटके मी पायापाशी ठेवले आहेत. उभ्या गाडीला लावायला लागतात. त्यांच्याकडे पाहून, टपरीवर जे बोलायचं होतं ते बोलले. मोठ्यानं बोलले, कारण ऐकायला कोणी नव्हतं.

"हो रे, वामन. रोज येऊन राह्यला होता तू. पाह्यलं मी."

रामाधार परत आला. म्हणाला, "चलन, दाई?"

म्हटलं, चल.